इंग्रजी शिकवण्याची विद्या कुठे घडली? बडोद्यातून पाहिलेला एक इतिहास

इंग्रजी शिकवण्याची पद्धत इंग्लंडात तयार झाली आणि तिथून जगभर गेली, असे आपण सहसा धरून चालतो. शब्दकोश ऑक्सफर्डचा, परीक्षा केंब्रिजची आणि शिक्षकांचे प्रशिक्षण ब्रिटिश कौन्सिलचे म्हटल्यावर ही समजूत होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचे जे शास्त्र विसाव्या शतकात उभे राहिले, त्याच्या पायाचा मोठा भाग ढाका आणि टोकियो येथील वर्गांत घातला गेला. इंग्लंडने आणि पुढे अमेरिकेने त्याला संस्था, पैसा आणि प्रतिष्ठा दिली. हा इतिहास नीट समजून घ्यायचा असेल तर भाषाशिक्षण आणि देशादेशांमधली सांस्कृतिक देवाणघेवाण या दोन्ही गोष्टी एकत्रच पाहाव्या लागतात, कारण कोणी कोणाला कुठे पाठवले, खर्च कोणी उचलला आणि परतलेल्या माणसाकडून कशाची अपेक्षा ठेवली, यावरूनच त्या त्या काळी इंग्रजी कशी शिकवली जाणार हे बऱ्याच अंशी ठरत गेले. आम्हा बडोदेकर मराठी माणसांना हा विषय जवळचा वाटण्याचे कारण असे की, ब्रिटिश कौन्सिल स्थापन होण्याच्या कितीतरी आधी या शहरात अशी देवाणघेवाण जाणीवपूर्वक आणि राज्याच्या खजिन्यातून चालू होती, आणि तिची रीत पुढे जगात रूढ झालेल्या रीतीहून बरीच वेगळी होती.

१८७५ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन बडोद्याच्या गादीवर बसवण्यात आला, तेव्हा त्याला अक्षरओळखही नव्हती. एफ. ए. एच. एलियट या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली त्याला मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकाच वेळी शिकाव्या लागल्या. हाच मुलगा पुढे सयाजीराव महाराज म्हणून ओळखला गेला, आणि उशिरा व चार बाजूंनी झालेल्या त्या शिक्षणाचा ठसा त्यांच्या धोरणावर पडला असावा असे मला वाटते. इंग्रजीचे महत्त्व ते पुरते ओळखून होते, पण सामान्य प्रजेच्या शिक्षणाचे माध्यम त्यांनी इंग्रजी केले नाही. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू झाले ते देशी भाषांतून. १८९० साली स्थापन झालेल्या कलाभवनात त्रिभुवनदास गज्जर यांनी रंगाई, यंत्रविद्या यांसारखे तांत्रिक विषय गुजरातीतून शिकवण्याचा आग्रह धरला. सयाजी साहित्यमाला आणि सयाजी बालज्ञानमाला या मालांतून परदेशी ग्रंथांचे ज्ञान मराठी व गुजराती वाचकांपर्यंत आणले गेले, आणि १९३१ मध्ये तर ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभारातील शब्दांचा आठ भाषांचा कोश प्रसिद्ध झाला. बाहेरचे ज्ञान इंग्रजीतून आले तरी ते इंग्रजीतच राहता कामा नये, अशी ही भूमिका होती.

इंग्रजी शिकवण्यासाठी बडोद्यात आलेल्या माणसांतही हे दिसते. अरविंद घोष १८९३ मध्ये इंग्लंडहून परतून बडोदे राज्याच्या सेवेत आले आणि पुढे बडोदे कॉलेजात फ्रेंच व इंग्रजी शिकवू लागले. त्यांचे जवळजवळ सगळे शिक्षण इंग्लंडात झाले होते. बंगाली ही स्वतःची भाषासुद्धा त्यांना नीट येत नव्हती. बंगाली आणि संस्कृतचा अभ्यास त्यांनी इथे केला, मराठी आणि गुजरातीशी त्यांची ओळखही इथेच झाली, आणि १९०६ मध्ये ते इथून गेले. उलट दिशेचे उदाहरण इनायत खाँ यांचे. मौलाबक्ष यांच्या घराण्यात बडोद्यातच जन्मलेले हे गवय्ये १९१० साली अमेरिकेला गेले आणि तिथे व नंतर युरोपात त्यांनी आधी संगीत आणि मग सूफी विचार इंग्रजीतून लोकांपुढे मांडला.

या सगळ्यांत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते विल्यम अॅलन्सन बोर्डन यांचे उदाहरण, कारण चांगली देवाणघेवाण कशी असते हे त्यातून अगदी जवळून पाहता येते. अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तिथली मोफत सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे काम करणाऱ्या या अनुभवी ग्रंथपालाला १९१० मध्ये बडोद्यास बोलावून घेतले. बोर्डन सुमारे तीन वर्षे राहिले. राजधानीत मध्यवर्ती ग्रंथालय, तालुक्याच्या गावी त्याहून लहान, खेड्यात आणखी लहान आणि जिथे काहीच नाही तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठवायच्या, असे जाळे त्यांनी आखले. अमेरिकेत प्रचलित असलेल्या पद्धती जशाच्या तशा न उचलता त्यांचा मेळ घालून त्यांनी बडोद्यासाठी स्वतंत्र वर्गीकरण बनवले, आणि १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी वर्ग सुरू करून इथल्याच माणसांना तयार केले. १९१२ पासून निघालेले ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत छापले जात असे, म्हणजे ज्या खेड्यातल्या वाचनालय-चालकाला इंग्रजी येत नव्हती त्यालाही ही नवी विद्या वाचता येत होती. बोर्डन मायदेशी परतले तरी काम थांबले नाही, याचे कारण ते एका परदेशी तज्ज्ञाच्या डोक्यात किंवा एका परक्या भाषेत अडकून पडलेले नव्हते.

या परंपरेची मर्यादाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे राज्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड आणि परतल्यावर राज्याची सेवा, असा करार होता. त्या करारानुसार १९१७ मध्ये ते बडोद्यास आले, तेव्हा ज्या राज्याने त्यांना अमेरिकेला पाठवले त्याच राज्याच्या राजधानीत जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी निवासात त्यांनी जेमतेम आसरा मिळवला होता, तिथूनही त्यांना धमकावून बाहेर काढण्यात आले. सयाजीबागेतले संकल्पभूमी हे स्मारक त्या दिवसाची खूण आहे. शिष्यवृत्तीचा इतिहास सांगताना पाठवल्याची गोष्ट अभिमानाने सांगायची आणि परतल्यानंतरची गाळायची, हे मला अप्रामाणिक वाटते.

आता ब्रिटिश हिंदुस्थानाकडे वळू. इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कार करणारे मेकॉले यांचे प्रसिद्ध टिपण २ फेब्रुवारी १८३५ चे, आणि त्याला अनुसरून लॉर्ड बेंटिंक यांचा ठराव झाला तो त्याच वर्षीच्या ७ मार्चचा. १८५४ च्या वूड यांच्या खलित्याने वरच्या शिक्षणासाठी इंग्रजी आणि जनसामान्यांसाठी देशी भाषा अशी विभागणी मांडली, आणि १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे निघाली. या काळात इंग्रजी शिकवणे म्हणजे व्याकरणाचे नियम पाठ करणे, उतारे भाषांतरित करणे आणि वरच्या वर्गांत इंग्रजी काव्य-नाटके वाचणे असेच होते. मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेलेली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला याच परंपरेतली, आणि तिने असंख्य माणसांना वाचता-लिहिता येण्याइतकी इंग्रजी दिली हे मान्यच केले पाहिजे. पण इंग्रजीहून वेगळी मातृभाषा असलेल्या मुलाच्या मनात ही नवी भाषा कशी उतरते, हा प्रश्न कोणाला फारसा पडलेला नव्हता, कारण शिकणारे थोडे होते, बहुतेक वरच्या थरातले होते आणि परीक्षा उत्तीर्ण होऊन नोकरी मिळवणे हे त्यांचे उद्दिष्ट होते.

तो प्रश्न नेमकेपणाने विचारला मायकेल वेस्ट यांनी. ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. बंगालच्या शाळांमध्ये इंग्रजीच्या पहिल्या वर्गात बसलेल्या मुलांपैकी शेवटच्या वर्गापर्यंत फारच थोडी पोहोचतात, हे त्यांच्या ध्यानात आले. आणि अभ्यासक्रम तर असा आखलेला होता की पूर्ण केला तरच त्याचा काही उपयोग. वेस्ट यांनी यासाठी विम्याच्या व्यवहारातली ‘सरेंडर व्हॅल्यू’ ही कल्पना घेतली: हप्ते मध्येच थांबवणाऱ्याला विमा कंपनी काही रक्कम परत देते, तसे तिसऱ्या वर्षी शाळा सोडणाऱ्या मुलाच्या हाती इंग्रजीचे नेमके काय उरते? बोलण्याचे दोन वर्षांचे अर्धवट शिक्षण सुटले की काहीच उरत नाही, पण वाचता येऊ लागले असेल तर ते आयुष्यभर कामाला येते, म्हणून बंगाली मुलाला आधी वाचायला शिकवावे, असा निष्कर्ष त्यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात काढला. वाचन सोपे व्हावे म्हणून त्यांनी स्वतः वाचनमाला लिहिल्या, त्यांत नवे शब्द विरळ ठेवले आणि एकदा आलेला शब्द पुन्हा पुन्हा येईल अशी व्यवस्था केली. आज इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी मोजक्या शब्दांत लिहिलेली जी गोष्टींची पुस्तके दुकानांत मिळतात, त्यांचे मूळ ढाक्याच्या या प्रयोगाशी जाऊन मिळते.

जवळजवळ त्याच काळात हॅरल्ड पामर जपानमध्ये होते. लंडनला शिकवणारे पामर १९२२ मध्ये जपानी निमंत्रणावरून तिथे गेले, पुढच्या वर्षी टोकियोत इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी संस्था निघाली आणि १९३६ पर्यंत ते तिचे काम पाहत राहिले. कार्नेगी कॉर्पोरेशन या अमेरिकी निधीच्या पैशातून १९३४ मध्ये न्यूयॉर्कला झालेल्या परिषदेत ढाक्याचे वेस्ट आणि टोकियोचे पामर एकत्र आले, आणि तिथून सुरू झालेल्या कामातून अखेर १९५३ मध्ये सुमारे दोन हजार सर्वांत उपयुक्त इंग्रजी शब्दांची यादी तयार झाली. एखादा शब्द किती वेळा येतो एवढेच न पाहता त्याचा कोणता अर्थ किती प्रमाणात येतो, हेही तिच्यात दिलेले होते.

पामर यांचे जपानमधले सहकारी ए. एस. हॉर्नबी यांचे काम तर प्रत्येक इंग्रजी शिकणाऱ्याच्या टेबलावर आहे. त्यांनी जे केले ते एका उदाहरणावरून कळेल. ‘मला तू जायला हवा आहेस’ यासाठी ‘आय वाँट यू टू गो’ हे वाक्य बरोबर आहे. मग ‘मी त्याला जायला सुचवले’ यासाठी विद्यार्थी त्याच साच्यात ‘आय सजेस्टेड हिम टू गो’ म्हणतो, आणि ते चूक ठरते. ‘आय सजेस्टेड दॅट ही शुड गो’ असे म्हणावे लागते. इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे त्याला ही अडचण जाणवतच नाही, त्यामुळे इंग्लंडातल्या लोकांसाठी लिहिलेल्या कोशात तिचे उत्तर नसायचे. हॉर्नबींनी इंग्रजी क्रियापदांचे पंचवीस साचे ठरवले, त्यांना क्रमांक दिले आणि कोशात प्रत्येक क्रियापदापुढे त्याला कोणते साचे चालतात ते छापले. परक्या विद्यार्थ्यासमोर वर्षानुवर्षे उभे राहिल्याशिवाय हे सुचणे शक्य नव्हते. हा कोश १९४२ मध्ये, ब्रिटन आणि जपान एकमेकांशी युद्धात असताना, टोकियोच्या प्रकाशकाने छापला. १९४८ मध्ये तो ऑक्सफर्डने घेतला, आणि तोच पुढे ‘अॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ म्हणून जगभर गेला. हॉर्नबींनी १९६१ मध्ये आपल्या मानधनाचा मोठा भाग देऊन विश्वस्त निधी स्थापन केला, आणि त्यातून अनेक देशांतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना शिक्षणासाठी मदत मिळत आली आहे.

सरकारे या क्षेत्रात पूर्ण ताकदीनिशी उतरली ती राजकारणाच्या गरजेपोटी. जर्मनी आणि इटली आपल्या संस्कृतीचा प्रचार जोरात करत आहेत हे पाहून ब्रिटनने १९३४ मध्ये ब्रिटिश कौन्सिलची स्थापना केली. १९४० मध्ये तिला राजसनद मिळाली आणि १९४८ पासून ती स्वतंत्र भारतात काम करू लागली. अमेरिकेची युक्ती वेगळी आणि समजून घेण्याजोगी आहे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकी सैन्याची प्रचंड सामग्री देशोदेशी पडून होती. ती विकत घेणाऱ्या देशांकडे डॉलर नव्हते, स्वतःचे चलन होते, आणि ते चलन अमेरिकेत नेऊन उपयोग नव्हता. सिनेटर फुलब्राइट यांच्या १९४६ च्या कायद्याने ते पैसे त्या त्या देशातच विद्यार्थी आणि प्राध्यापकांच्या देवाणघेवाणीवर खर्च करण्याची सोय केली. भारताशी असा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. २००८ पासून या शिष्यवृत्त्यांना फुलब्राइट-नेहरू हे नाव आहे आणि त्यांच्या खर्चात भारत बरोबरीने वाटा उचलतो. भारतानेही १९५० मध्येच मौलाना आझाद यांच्या पुढाकाराने सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन केली, ही गोष्ट या संदर्भात सहसा सांगितली जात नाही.

स्वातंत्र्यानंतर शाळा झपाट्याने वाढल्या आणि इंग्रजी शिकवू शकणारे शिक्षक अपुरे पडू लागले. १९५८ मध्ये हैदराबादला केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली, तिला फोर्ड फाउंडेशन आणि ब्रिटिश कौन्सिल यांची मदत होती. तेच आजचे इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ. आमच्या जवळ, वल्लभ विद्यानगरला, एच. एम. पटेल यांच्या नावाची इंग्रजी प्रशिक्षण संस्था उभी राहिली. हॉर्नबी-पामर यांच्या विचारांतून आलेली वाक्यसाच्यांची पद्धत या काळात पाठ्यपुस्तकांत उतरली: शिक्षक पुस्तक हातात धरून ‘धिस इज अ बुक’ म्हणणार, वर्ग एका सुरात ते परत म्हणणार, आणि एक साचा पक्का झाल्याखेरीज पुढचा यायचा नाही.

१९६१ मध्ये युगांडातील मकेरेरे येथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी अध्यापनाविषयी परिषद भरली. तिथे पक्क्या झालेल्या पाच समजुती भाषाधोरणाचे अभ्यासक रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये मांडल्या आणि त्यांवर कठोर टीका केली. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी; जिची ती मातृभाषा आहे तीच व्यक्ती आदर्श शिक्षक; जितक्या लवकर सुरुवात तितके बरे; जितके तास अधिक तितका लाभ अधिक; आणि इतर भाषांचा वापर वाढला की इंग्रजीचा दर्जा घसरतो. या पाचही गोष्टी आजही पालकसभांत सिद्ध सत्यासारख्या ऐकू येतात. त्यांचा परिणाम असा होतो की ढाका, टोकियो किंवा बडोदे इथल्या शिक्षकाजवळ असलेले ज्ञान, म्हणजे विद्यार्थ्याची भाषा कळणे, कमतरता ठरते आणि बाहेरचा तज्ज्ञ, बाहेरचे पुस्तक व बाहेरची परीक्षा यांची गरज कायम राहते. फिलिप्सन यांचे सगळेच मत मी स्वीकारत नाही. इंग्रजी शिकू पाहणाऱ्या भारतीयांची स्वतःची इच्छा आणि हिशेब त्यांच्या मांडणीत पुरेसा दिसत नाही. पण पहिल्या समजुतीविरुद्ध बडोद्यातलाच पुरावा पुरेसा आहे. दांडिया बाजारातल्या मराठी घरातले मूल घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि दूरदर्शनसमोर हिंदी ऐकते. वर दिलेल्या ‘सजेस्ट’च्या चुकीचे मूळ मराठीतल्या ‘जायला सुचवले’ या रचनेत आहे, गुजरातीतही रचना तशीच आहे, आणि दोन्ही भाषा जाणणारी शिक्षिका फळ्यावर तिन्ही वाक्ये एकाखाली एक लिहून हा फरक दोन मिनिटांत दाखवू शकते. केवळ इंग्रजीतूनच बोलण्याची सक्ती तिच्या हातातले हे साधन काढून घेते.

गुजरातेत माध्यमाचा वाद न्यायालयापर्यंत गेला. मराठी माध्यमातून शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या एका विद्यार्थ्याला अहमदाबादेत महाविद्यालयात इंग्रजीतून शिकायचे होते आणि गुजरात विद्यापीठाच्या नियमांनी ते अडले. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजराती किंवा हिंदी हेच एकमेव माध्यम म्हणून लादण्याचा अधिकार विद्यापीठाला त्याच्या कायद्याने दिलेला नाही असा निर्णय दिला. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले तेव्हापासून इंग्रजी माध्यमाचेच राहिले. त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात काम करताना जाहीरनाम्यातील ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणारी शब्दरचना बदलून ‘सर्व मानव’ अशी करून घेतली होती.

आणि या विद्येला पुढचे मोठे वळणही भारतातूनच मिळाले. १९७९ ते १९८४ या काळात इंग्रजी अध्यापनाचे भारतीय अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी बंगळूर आणि मद्रास परिसरातील काही साध्या सरकारी शाळांत वाक्यसाच्यांची घोकंपट्टी बाजूला ठेवली. त्यांनी मुलांपुढे रेल्वेचे वेळापत्रक ठेवले आणि अमुक गाडी चुकली तर पुढची कोणती, ती किती वाजता पोहोचेल, असे प्रश्न इंग्रजीतून सोडवायला दिले. मुलाचे लक्ष उत्तर शोधण्याकडे असते तेव्हा भाषा आपोआप आत जाते, असे त्यांचे म्हणणे होते. मुले आपसांत स्वतःच्या भाषेत बोलली तरी त्यांना अडवले जात नव्हते. १९८७ मध्ये त्यांनी हा प्रयोग पुस्तकरूपाने मांडला, आणि कृतीवर आधारलेल्या भाषाशिक्षणाचा आरंभ म्हणून तो आज ब्रिटन, अमेरिका आणि जपानमधल्या शिक्षकांना अभ्यासक्रमात शिकवला जातो. आमच्याकडच्या इंग्रजीच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणातही प्रभूंचे नाव येते, मात्र ते बहुतेक वेळा परदेशी पाठ्यपुस्तकातल्या एका परिच्छेदातून येते. त्याऐवजी त्यांचे मूळ पुस्तक आणि वेस्ट यांचा ढाक्याचा अभ्यास हे दोन्ही पहिल्याच वर्षी वाचायला द्यावेत, आणि त्यांवरची चर्चा मराठी-गुजरातीतही होऊ द्यावी, अशी माझी मागणी आहे.